जुन्या एमजीबीला नवा एक्झॉस्ट: दोन संच वापरून पाहिल्यानंतरचा अभिप्राय

माझी एमजीबी जीटी, म्हणजे एमजी या ब्रिटिश नाममुद्रेच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा बंद छपराचा प्रकार, 1970 सालची आहे आणि ती जिथे बांधली गेली त्या इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनपासून मी अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी ती सुरू केली, तेव्हा तिच्या नेहमीच्या खर्जातल्या आवाजाऐवजी मागून फाटक्या ढोलासारखा आवाज आला. गाडी जॅकवर चढवून खाली पाहिले, तर मागच्या सायलेन्सरच्या, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्याच्या, तळाशी, शिवणीलगत, हाताचा पंजा जाईल एवढा पत्रा गळून पडला होता आणि उरलेला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पापडासारखा मोडत होता. पुढचा डबा वरून धड दिसत होता, पण त्यावर बोटाने ठोकल्यावर आत सुटलेल्या पत्र्याची खुळखुळ ऐकू येत होती. इंजिनकडून खाली येणाऱ्या डाउनपाइपपासून मागच्या शेपटीपर्यंत धूर बाहेर नेणारा सगळाच एक्झॉस्ट बदलणे भाग होते. तो बदलताना माझा पहिला निर्णय चुकला आणि दुसरा बरोबर ठरला. दोन्ही संच मी स्वतः गाडीला लावले, दोन्हींवर पुरेसा प्रवास केला, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यातल्या पुष्कळ आजही रस्त्यावर असल्यामुळे ब्रिटनमध्ये तिचे भाग सहज मिळतात. मॉस, एमजीओसी स्पेअर्स, ब्राउन अँड गॅमन्स, रिमर ब्रदर्स अशा जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांच्या याद्या उघडल्या की एकाच गाडीसाठी एक्झॉस्टचे इतके प्रकार समोर येतात की नवा माणूस गोंधळून जातो. माइल्ड स्टीलचा (साध्या पोलादाचा) मुळाबरहुकूम संच, स्टेनलेस स्टीलचा तसाच संच, मधला डबा काढून एकच डबा ठेवलेला 'स्पोर्ट्स' संच, मोठ्या व्यासाच्या नळीचा संच, त्याला जोडून नळ्यांचा स्वतंत्र मॅनिफोल्ड (इंजिनच्या तोंडांतून निघणारा धूर गोळा करणारा भाग), आणि याखेरीज गाडी समोर उभी करून मापाने नळ्या वाकवून देणारे कारागीर, असे साधारण त्याचे स्वरूप आहे. यांपैकी काय घ्यायचे हे ठरवण्यासाठी आधीचा एक्झॉस्ट का मेला हे समजून घेणे मला आवश्यक वाटले.

बहुतेकांना वाटते की एक्झॉस्ट बाहेरून गंजतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे या समजुतीत तथ्य आहेच. माझे बालपण रत्नागिरीत गेले, खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज कसे फुगतात आणि त्यांचे पापुद्रे कसे सुटतात हे मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि इथल्या फेब्रुवारीत गाडीच्या पोटाखाली तेच दिसते. पण माझा सायलेन्सर आतून बाहेर सडला होता. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, आणि ते थोडेथोडके नसते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने एक्झॉस्टमधून बाहेर पडते. माझी गाडी दहा मैलांच्या फेरीत दीड ते पावणेदोन लिटर पेट्रोल घेते, म्हणजे तेवढ्याच पाण्याची वाफ त्या नळीतून जाते. नळी आणि डबे पुरेसे तापले तर वाफ बाहेर निघून जाते. गाडी थंड असताना आणि फेरी छोटी असताना मात्र मागच्या डब्यात तिचे पाणी होते, कारण तो इंजिनपासून सर्वांत दूर आणि म्हणून सर्वांत थंड असतो. धुरातली आम्ले त्या पाण्यात उतरतात आणि ते तळाशी साचून राहते. रविवारी सकाळी तीन मैलांवरच्या दुकानात जाऊन परत यायचे आणि गाडी पुन्हा आठवडाभर झाकून ठेवायची, ही माझी जुनी सवयच त्या सायलेन्सरच्या मुळावर आली होती. ज्यांची जुनी गाडी अशी क्वचित आणि थोडी फिरते, त्यांच्याकडे माइल्ड स्टील लवकर संपते. उलट जो माणूस गाडी रोज तासभर पळवतो त्याच्याकडे तेच माइल्ड स्टील बरीच वर्षे टिकते. त्यामुळे धातूची निवड करताना वर्षाला किती मैल होतात यापेक्षा एका वेळी किती मैल होतात हे पाहिले पाहिजे.

माझ्यासारख्याला स्टेनलेस स्टीलच घ्यावे लागणार हे यावरून ठरले. परंतु 'स्टेनलेस' या एका शब्दाखाली निदान दोन वेगळे धातू विकले जातात, आणि विक्रेत्याने सांगितले नाही तर ते विचारून घ्यावे लागते. 304 या प्रतीच्या पोलादात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. ते खरोखर गंजाला दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे चकाकते. 409 या प्रतीत क्रोमियम 11 टक्क्यांच्या आसपास असते, निकेल जवळपास नसतेच. ते स्वस्त असते आणि काही महिन्यांत वरून तपकिरी पडते, मात्र तो रंग वरवरचाच राहतो आणि साध्या लोखंडाच्या तुलनेत ते कितीतरी अधिक टिकते. ओळखण्यासाठी खिशात लोहचुंबक ठेवावा. 409 ला तो घट्ट चिकटतो, 304 ला चिकटत नाही. यातही एक बारकावा आहे. 304 ची नळी थंड अवस्थेत वाकवली की वाकलेल्या भागात किंचित चुंबकत्व येते, त्यामुळे वळणावर चुंबक हलकेच ओढला गेला म्हणून विक्रेत्याने फसवले असा निष्कर्ष काढू नये. सरळ भागावर लावून पाहावे. स्वस्त संचांत काही वेळा नळ्या 304 च्या आणि डब्यांची आतली जाळी व पडदे मात्र हलक्या प्रतीचे असतात. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून 'आतून बाहेरून एकच प्रत' असे लेखी मागितलेले बरे.

आता मॅनिफोल्डविषयी, कारण एमजीबीचा एक्झॉस्ट घ्यायला गेलेल्या माणसाला सर्वांत जास्त मोह इथेच होतो. लांब, चकचकीत, वळणदार नळ्यांचा मॅनिफोल्ड लावला की गाडी धावू लागते असे सांगितले जाते. मीही तो घेण्याच्या बेतात होतो. मग एका संध्याकाळी इंजिनची रचना कागदावर मांडून पाहिली आणि विचार बदलला. एमजीबीच्या 1798 सीसी बी-सिरीज इंजिनच्या हेडला धुराची चार नव्हे तर तीनच तोंडे आहेत: पहिल्या सिलिंडरचे एक, चौथ्याचे एक, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे मिळून मधले एक. स्फोटांचा क्रम 1-3-4-2 असा आहे. म्हणजे पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) बरोबर एका फेऱ्याचे अंतर पडते, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातही तेवढेच. कारखान्याने दिलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये मधले तोंड स्वतंत्रपणे एका डाउनपाइपला जाते आणि कडेची दोन तोंडे एकत्र होऊन दुसऱ्या डाउनपाइपला जातात. दोन्ही नळ्यांत धुराचे धक्के समान अंतराने येतात, कोणी कोणाची वाट अडवत नाही, आणि खाली जाऊन दोन्ही नळ्या एकीत मिळतात. नळ्यांचा महागडा मॅनिफोल्ड जे साधतो त्यातले बहुतेक या बिडाच्या ओतकामात साठ वर्षांपूर्वीच साधलेले आहे. कॅमशाफ्ट, हेड आणि कार्बोरेटर बदललेल्या, शर्यतीसाठी चढवलेल्या इंजिनला नळ्यांचा मॅनिफोल्ड लाभतो हे खरे आहे. सॉल्झबरीच्या मॅनिफ्लोसारख्या कारखान्यांचे काम त्या क्षेत्रात नावाजलेले आहे. माझ्या गाडीचे इंजिन मात्र मूळ स्थितीत आहे, ज्याची कारखान्याने सांगितलेली ताकद 95 अश्वशक्ती होती, आणि त्याला त्याने जाणवण्याजोगा फरक पडला नसता.

तोटे मात्र जाणवले असते. या गाडीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनच्या एकाच बाजूला, एकावर एक बसतात. बिडाच्या जाड ओतकामातून उष्णता सावकाश बाहेर पडते, पातळ नळ्यांतून ती भसाभस पडते, आणि उन्हाळ्यात वाहतुकीत अडकल्यावर कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधले (पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यातले) पेट्रोल उकळण्याची शक्यता वाढते. शिवाय इनलेट (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट या दोन्ही मॅनिफोल्डांना एकच सामाईक गॅस्केट असते, आणि काही स्टडवरचा जाड वॉशर एका कडेने इनलेटच्या कानाला व दुसऱ्या कडेने एक्झॉस्टच्या कानाला दाबतो. नव्या मॅनिफोल्डच्या पट्टीची जाडी मूळ बिडापेक्षा वेगळी असेल तर वॉशर तिरका बसतो, एकच बाजू दाबली जाते आणि दुसरीकडून धूर किंवा हवा गळत राहते. यावर पायरीचे वॉशर करून घेणे हा उपाय आहे, पण ही गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. माझे ठाम मत असे आहे की, बिडाचा मॅनिफोल्ड तडकलेला नसेल आणि इंजिन मुळाबरहुकूम असेल, तर त्याला हातही लावू नये आणि वाचलेले पैसे चांगल्या सायलेन्सरवर घालावेत.

माझी चूक सायलेन्सरच्याच बाबतीत झाली. पहिला संच मी एका लिलावाच्या संकेतस्थळावरून, एका छोट्या विक्रेत्याकडून घेतला. वर नावे दिलेल्यांपैकी तो कोणीही नव्हता. स्टेनलेस, मोठ्या व्यासाची नळी, मधला डबा नाही, मागे एकच सरळ डबा, आणि किंमत इतरांच्या निम्मी. सरळ डबा म्हणजे आत भोके पाडलेली एक सलग नळी, तिच्याभोवती काचतंतूंची लोकर आणि वरून पत्र्याचे आवरण. असा डबा धुराला जवळजवळ अडवत नाही आणि वरच्या पट्टीतला कर्कश आवाज चांगला शोषतो. खालच्या पट्टीतली घुमघुम मात्र त्याला आवरत नाही. त्यासाठी पडदे आणि कप्पे असलेला डबा लागतो, ज्यात ध्वनीच्या लाटा एकमेकींवर आदळून विझतात. कारखान्याने दोन डबे का दिले होते याचे उत्तर मला त्या वर्षी मोटरवेवर मिळाले.

चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांवर सेकंदाला शंभर धक्के एक्झॉस्टमधून जातात. माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर, आहे. चौथ्या गिअरमध्ये तो लावला की ताशी 60 मैलांना इंजिन साधारण 2750 फेऱ्यांवर आणि 70 मैलांना 3200 च्या आसपास असते. एकडबी संचाची घुमघुम नेमकी याच पट्ट्यात जमून आली. ती मोठ्या आवाजाची तक्रार नव्हती. गाडीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ती गाडी सुरेखच वाटे. आत मात्र छप्पर, मागची काच आणि मागची सपाट पत्र्याची जमीन त्या सुराला साथ देऊ लागत, आणि अर्ध्या तासात कानांच्या मागे दडपण जाणवू लागे. माझी पत्नी एकदा बाथपर्यंत सोबत आली. परतीच्या वाटेवर ती बोलायची थांबली, कारण प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागत होते. त्याच धर्तीचा संच माझ्या एका परिचिताच्या उघड्या एमजीबी रोडस्टरला लावलेला आहे आणि छप्पर उतरवून चालवताना तो खरोखर आनंद देतो. म्हणून एकडबी संच वाईट असतो असे मी म्हणणार नाही. बंद छपराच्या जीटीला आणि लांबच्या प्रवासाला तो मानवत नाही, एवढे मात्र निश्चितपणे सांगतो. खरेदीपूर्वी कोणाच्या तरी तशाच गाडीत बसून, तशाच वेगाने, निदान वीस मिनिटे प्रवास करावा. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून काढलेल्या ध्वनिचित्रफितीवरून काहीही कळत नाही.

त्या संचाची बसवणीही सदोष होती. मागचे वळण दोन बोटे जास्त वळले होते, त्यामुळे नळी गाडीच्या तळाला टेकत होती आणि खड्डा आला की ठण्ण असा आवाज पायाखालून येई. मी रबराच्या टांगण्या बदलल्या, नळी जोडावर फिरवून पाहिली, शेवटी एका वेल्डिंगवाल्याकडून ती कापून पुन्हा जोडून घेतली, आणि त्यात निम्म्या किमतीची बचत संपली. विक्रेत्याने पत्राला उत्तर दिले ते एवढेच, की गाडी जुनी असल्याने तिचा साचाच वाकडा झाला असेल. वर्षभरात काचतंतूंची लोकर जळून उडायला लागली, शेपटीच्या तोंडाशी राखाडी धागे दिसू लागले आणि आवाज आणखी वाढला. चांगल्या प्रतीच्या सरळ डब्यात भोकांच्या नळीभोवती आधी पोलादी तारांची लोकर गुंडाळतात आणि मग काचतंतू भरतात, त्यामुळे ते थेट धुराच्या माऱ्यात येत नाहीत. माझ्या डब्यात तो थर नव्हता हे तो कापल्यावर दिसले.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. या वेळचा संच 304 प्रतीचा, मूळ व्यासाच्या नळीचा, दोन डब्यांचा आणि ब्रिटनमध्येच बनलेला आहे. घेण्यापूर्वी दुकानात जाऊन तो हातात धरून पाहिला, आणि हे जमत असेल तर प्रत्येकाने करावे. नळीची जाडी दीड मिलिमीटर होती. पातळ नळीपेक्षा ती वजनाला जाणवते, आणि बोटाने ठोकली तर तिचा नाद टणटणीत न येता बसका येतो, जो गाडीखाली गेल्यावर उपयोगी पडतो. वळणे पाहिली, तर वळणातही नळी गोल राहिलेली होती, चपटी झालेली नव्हती. डब्यांच्या टोकांचे वेल्डिंग सलग होते, ठिपक्याठिपक्यांचे नव्हते. मागच्या डब्याच्या तळाशी, सर्वांत खालच्या जागी, पाणी निथळण्यासाठी काडीपेटीतली काडी जाईल एवढे भोक होते. पहिल्यांदा पाहताना तो दोष वाटण्याचा संभव आहे, परंतु ज्याने ते पाडले त्याला जुने सायलेन्सर का मरतात हे माहीत होते, आणि मला त्या एका भोकावरून कारखान्याविषयी विश्वास वाटला.

बसवणीला मी एक पूर्ण शनिवार दिला. बिडाच्या मॅनिफोल्डला दोन डाउनपाइप सहा पितळी नटांनी धरलेले असतात. पितळ पोलादी स्टडवर गंजून जाम होत नाही, म्हणून ते पितळीच असले पाहिजेत. कोणी आधी साधे पोलादी नट लावून ठेवले असतील तर ते उघडताना स्टड तुटण्याची शक्यता मोठी असते. मी आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा गंजलेले आटे सोडवणारे भेदक तेल सोडून ठेवले होते. पाच नट सरळ निघाले. सहावा, आतल्या बाजूचा, पान्याखाली गुळगुळीत झाला, आणि छिन्नीने त्याचा एक पदर फोडून काढावा लागला. पितळ मऊ असल्याने ते दहा मिनिटांत झाले आणि स्टडच्या आट्यांना ओरखडाही गेला नाही. आटे तारेच्या ब्रशने साफ केले, नवी गोल गॅस्केटे बसवली आणि नवे पितळी नट कॉपर ग्रीस लावून हातानेच फिरवून ठेवले. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर दोन्ही एकमेकांत रुतून बसतात, तेव्हा क्लॅम्पच्या प्रत्येक आट्यालाही हेच ग्रीस लावले.

यानंतर संपूर्ण संच सैल जोडावा, आणि याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. पुढून एकेक जोड घट्ट करत मागे गेले, तर पुढे राहिलेला एक अंशाचा तिरकेपणा शेपटीशी पोहोचेपर्यंत दोन इंचांचा होतो. मी सगळे जोड सैल ठेवून, सगळ्या टांगण्या नव्या रबरासह लावून, गाडीखाली झोपून नळी जागोजागी थोडी थोडी फिरवली. नळी आणि गाडीचा तळ यांच्यात सगळीकडे निदान बोटभर अंतर असल्याची खात्री केली. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि ॲक्सिलरेटर दिला की डोलते, त्यामुळे उभ्या गाडीत अर्धा बोट दिसणारे अंतर रस्त्यावर शून्य होते. मग पुढून मागे असे आवळत गेलो. क्लॅम्प मी चपट्या पट्टीचे वापरले. यू-आकाराचा बोल्ट नळीला चिमटा घेतो, जोड तात्पुरता घट्ट होतो, पण पुढे कधी वेगळा करायचा झाला तर तिथे दबलेली खाच आत अडकते आणि नळी कापावी लागते.

शेवटी एका मित्राने ओली चिंधी जाड हातमोज्याने शेपटीच्या तोंडावर क्षणभर दाबून धरली आणि मी प्रत्येक जोडाजवळ कान नेला. पुढच्या डब्याच्या मागच्या जोडातून फुसफुस ऐकू आली. तो क्लॅम्प अर्धा इंच सरकवून पुन्हा आवळल्यावर थांबली. या चाचणीचे महत्त्व आवाजापुरते नाही. डाउनपाइपजवळ बारीक गळती असेल तर उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर त्या फटीतून हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल नळीत फटाक्यासारखे फुटते. अनेकांना तो आवाज आवडतो आणि ते त्याला स्पोर्ट्स कारचे लक्षण मानतात. बहुधा ते गळतीचे लक्षण असते. जीटीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. धावत्या गाडीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि मागच्या दाराचे रबर जुने असेल तर धूर त्यातून आत ओढला जातो. म्हणून शेपटी मागच्या बंपरच्या पलीकडे स्पष्ट बाहेर आलेली असावी आणि एक्झॉस्टबरोबर त्या रबराकडेही पाहावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिले शंभर मैल झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासले. नळ्या तापून आणि निवून जागा धरतात, आणि माझ्या बाबतीत सहापैकी दोन नट पाव फेरा फिरले. डाउनपाइपचा वरचा भाग या काळात सोनेरी आणि मग निळसर झाला. स्टेनलेस तापल्यावर तसे होतेच, त्याने टिकाऊपणाला बाधा येत नाही.

आता या संचावर मी दोन हिवाळे काढले आहेत. आवाज मुळापेक्षा किंचित भरदार आहे, कारण 304 चा पत्रा माइल्ड स्टीलइतका आवाज पोटात घेत नाही. थंड इंजिन सुरू करताना पहिली दोन-तीन मिनिटे एक धातूचा झणकार त्यात ऐकू येतो आणि गाडी तापली की तो विरतो. दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना जो घोगरा, भरलेल्या गळ्याचा सूर या गाडीची ओळख आहे तो पूर्ण आहे. आणि 60 ते 70 मैलांवर ओव्हरड्राइव्हमध्ये गाडी शांत आहे, दोघांना सहज बोलता येते, घुमघुम जवळपास नाही. ताकदीत फरक पडला का असे मला पुष्कळदा विचारले जाते. मोठ्या व्यासाच्या एकडबी संचाच्या तुलनेत कमी झाल्याचे मला कोणत्याही वेगाला जाणवले नाही. उलट दीड-दोन हजार फेऱ्यांवर गाडी आता थोडी अधिक सहज ओढते असे वाटते. 'इंजिनला मागून दाब हवाच असतो' असे याचे कारण सांगितले जाते, ते मला पटत नाही; दाब कोणत्याच इंजिनला नको असतो. अरुंद नळीत धूर वेगाने जातो आणि तो वेग पुढच्या धक्क्याला वाट मोकळी करून देतो, हे अधिक बरोबर आहे. मूळ इंजिनला मूळ व्यास शोभतो तो त्यामुळे.

कायद्याचाही एक शब्द सांगणे जरूर आहे. चाळीस वर्षांवरील आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना ब्रिटनमध्ये 2018 पासून वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, पण एक्झॉस्टच्या आवाजाविषयीचे नियम त्यांनाही लागू राहतात. 1986 च्या वाहन बांधणी व वापर नियमांतील 54 व्या नियमानुसार सायलेन्सर चांगल्या स्थितीत ठेवावा लागतो आणि आवाज वाढेल असा बदल त्यात करता येत नाही. मी सूट असूनही दर वर्षी गाडी तपासून घेतो. लिफ्टवर चढलेल्या गाडीखाली अनुभवी नजर फिरणे हे त्या शुल्काच्या मोलाचे आहे.

किमतीचे सांगायचे तर, दोन डब्यांचा 304 चा संच माइल्ड स्टीलच्या संचापेक्षा दुप्पट ते तिप्पट महाग पडतो. मला तो, नवे नट, गॅस्केट, रबरी टांगण्या आणि क्लॅम्प धरून, साडेतीनशे पौंडांच्या आत पडला. सुटे सामान जुनेच वापरून चाळीस पौंड वाचवण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, कारण संच वाईट बसतो तो बहुधा त्या चाळीस पौंडांपायी. 'आयुष्यभराची हमी' या शब्दांवर फार विसंबू नये. बहुतेक वेळा ती पहिल्या मालकापुरती असते, मूळ पावती लागते, आणि डब्यातली लोकर व टांगण्या तिच्यात येत नाहीत. जे वर्षा-दोन वर्षांत गाडी विकणार आहेत, किंवा जे ती रोज लांब पळवतात, त्यांनी माइल्ड स्टीलचा चांगला संच घेतला तर त्यात काहीच गैर नाही. आवाजाच्या दृष्टीने तो मुळाच्या सर्वांत जवळचा असतो. ज्यांच्या गाडीचा तळ पूर्वी कापून-जोडून दुरुस्त झालेला आहे, त्यांनी तयार संचाच्या नादी न लागता मापाने नळ्या वाकवून देणाऱ्या कारागिराकडे जावे, मात्र आधी त्याने केलेली एखादी बंद छपराची गाडी चालवून पाहावी.

या संचाविषयी माझी एक तक्रार शिल्लक आहे. शेपटीची नळी मध्यापासून साधारण एक सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला बसते आणि टांगणी कितीही हलवली तरी तिथेच परत येते. मी निर्मात्याला छायाचित्र पाठवले, तेव्हा त्यांनी मागच्या कंसासाठी एक लांबट भोकाची पट्टी विनामूल्य पाठवून दिली. ती आली आहे, आणि येत्या शनिवारी पाऊस नसला तर बसवणार आहे.